दहा रुपयांपासून पुढे

नाशिक जिल्ह्यात लिलाव म्हटलं की डोळ्यांसमोर कांदा येतो. लासलगावच्या बाजार समितीतल्या ट्रॅक्टरच्या रांगा, ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन दाबून बघणारे व्यापारी, आणि भाव फुटला की लगेच पुढच्या ट्रॉलीकडे सरकणारा घोळका. आमच्या देवळाली कॅम्पात मी मांडते त्या लिलावात कांदा नसतो. झबली असतात, टोपडी, दुपटी, फ्रॉक, पायमोजे. सगळे माझ्या धाकटीचे, आणि सगळा व्यवहार मोबाईलवर.

धाकटी आम्हाला उशिरा झाली, माझ्या एकोणचाळिसाव्या वर्षी. मोठी दोघं तेव्हा हायस्कूलमध्ये होती, त्यांचे लहानपणीचे कपडे कधीच वाटून झाले होते. त्यामुळे सगळं नव्यानं आलं. मूल जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटिमीटरचं असतं, वर्षभरात ७५ चं होतं, वजन तिप्पट होतं. कपड्यानं काय करावं? अकिक्याला नातेवाइकांनी आणलेले कितीतरी फ्रॉक एकदा फोटोपुरते अंगावर चढले आणि पुढच्या महिन्यात तोकडे झाले. काहींची किमतीची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. तीन वर्षांत दोन ट्रंका भरल्या.

एकेकाळी अशा गोष्टींसाठी आपल्याकडे खास संकेतस्थळ होतं. २००० साली बाझी डॉट कॉम सुरू झालं, तिथं लोक घरातल्या वस्तूंचा लिलाव करत. २००४ मध्ये ते ईबेनं विकत घेतलं आणि २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं दुकानही बंद झालं. ओएलएक्सवर लिलाव नाही, नुसती घासाघीस आहे. म्हणून मी आमच्या भागातल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्वतःच लिलाव सुरू केला. नियम साधे. कपड्याचा फोटो, खांद्यापासून खालपर्यंतची लांबी इंचात (कारण 'सहा ते नऊ महिने' हे लेबल प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं), डाग किंवा उसवण असेल तर तिचा वेगळा फोटो. सुरुवात दहा रुपयांपासून, बोली पाच-पाचनं वाढणार, रविवारी रात्री नऊला बंद. नऊ वाजून एक मिनिटानं आलेली बोली धरली जात नाही, मग ती माझ्या सख्ख्या नणंदेची का असेना.

मी शाळेत उर्दूही शिकवते आणि मराठीही. उर्दूत याला नीलाम म्हणतात, मराठीत लिलाव. दोन्ही पोर्तुगीज 'लेलाँव' या शब्दाची लेकरं, आणि त्या पोर्तुगीज शब्दाच्या मागे पुन्हा अरबी शब्द आहे, जाहीर करणे या अर्थाचा. म्हणजे शब्द अरबस्तानातून पोर्तुगालला गेला आणि जहाजात बसून आपल्याकडे दोन रूपांनी उतरला. लिलावाचं मर्मही त्यातच आहे. जे काही होईल ते सगळ्यांदेखत व्हावं.

हे मी माझ्या जाऊबाईंना समजावून सांगत होते, कारण त्यांनी प्रेमानं एक सुचवणी केली होती. "मी मध्ये मध्ये बोली लावत जाते, भाव चढला की मागे सरकते. कुणाला कळतंय?" याला अरबीत नजश म्हणतात. घ्यायचं नसताना केवळ दुसऱ्याला चढवण्यासाठी बोली लावणं. पैगंबरांनी (स.) ते स्पष्ट शब्दांत मना केलेलं आहे. जाऊबाई म्हणाल्या, "पंधरा रुपयांच्या झबल्याला कसली हदीस लावतेस?" पण पंधरा रुपये फसवायला कमी आणि पंधरा हजार जास्त, असा काही हिशेब कुठं दिलेला नाही. आणि ज्या बायका ग्रुपवर आहेत त्यांच्यातल्या अर्ध्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आया आहेत.

दोष आधी सांगण्याचंही तसंच. १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार यांनी अमेरिकेत जे संकेतस्थळ सुरू केलं, ज्याचं पुढे ईबे झालं, त्यावर सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता. १४ डॉलर ८३ सेंटला गेला. त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, तो बिघडलेला आहे हे कळलंय ना? घेणारा म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. मला ही गोष्ट आवडते. डाग सांगितला की गिऱ्हाईक पळत नाही, उलट ज्याला तो चालणार असतो तो येतो.

खरा विरोध बाहेरून नाही, घरातून झाला. सासूबाईंना, अम्मींना, हे अजिबात पटेना. सदका करा, वाटून टाका, पण लेकराचं कापड विकायचं? शेजारच्या बाई त्यांच्याच बाजूच्या. बाळाचं कापड पैशात मोजू नये, दृष्ट लागते. मी दृष्टीला फारशी भीक घालत नाही, त्यामुळे सुरुवातीला मी हे हसण्यावारी नेलं. मग एका संध्याकाळी अम्मी ट्रंकेजवळ बसल्या होत्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मैंने माँग के पहनाया था. तू बेच रही है."

त्यांचा पहिला मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला. १९७१ साल. त्या वर्षी आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्ष पुरं करत नव्हती. (२०२० मध्ये हा आकडा २८ वर आला.) पुढचं बाळ झालं, म्हणजे माझे मिस्टर, तेव्हा अम्मींनी त्याला एकही नवं कापड घातलं नाही. गल्लीतल्या एका मराठा घरातलं मूल धडधाकट होतं. अम्मी त्यांच्या दारात गेल्या आणि पदर पसरून त्याचं जुनं झबलं मागून आणलं. त्या बाईंनी झबल्याबरोबर कुंचीही दिली. मागून आणलेल्या कपड्यातलं मूल नशिबाच्या नजरेत भरत नाही, हा समज हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत होता. तेव्हा अम्मींच्या लेखी जगलेल्या मुलाचं कापड ही वस्तू नाहीच. त्यात त्याचं आयुष्य आहे. आयुष्याला दहा रुपयांपासून बोली कशी लावायची?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण सांगण्यासारखी एक गोष्ट होती. तिरमिझी, अबू दाऊद, इब्न माजा यांच्या संग्रहांत हजरत अनस यांनी सांगितलेला प्रसंग आहे. मदिनेतला एक गरीब अन्सारी माणूस पैगंबरांकडे मागायला आला. घरात काय आहे, विचारल्यावर म्हणाला, एक जाडंभरडं कापड, अर्धं अंथरतो अर्धं पांघरतो, आणि पाणी प्यायचा एक वाडगा. दोन्ही मागवून घेतलं आणि पैगंबरांनी स्वतः लोकांत उभं राहून विचारलं, कोण घेतो? एक जण म्हणाला, एक दिरहम. याहून जास्त कोण देतो, असं त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा दुसऱ्यानं दोन दिरहम दिले. एका दिरहमचं अन्न घरी पोचलं, दुसऱ्याची कुऱ्हाड आली, आणि त्या माणसाला लाकडं तोडून विकायला पाठवलं. त्याला तिथंच चार दिरहम सदका देता आला असता. दिला नाही. त्याचंच जुनं कापड विकून दिलं.

अम्मींनी ऐकून घेतलं. "तो गरीब था. तू कौनसी गरीब है?" त्यांच्या या प्रश्नातही दम आहे.

माझं म्हणणं विकणाऱ्याबद्दल नाही, घेणाऱ्याबद्दल आहे. माझ्या लहानपणी बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं बोचकं. उंबऱ्यावर बसून ती साडीचा पदर उजेडात धरायची, विरलं असेल तर बोट आरपार घालून दाखवायची, पातेलं मागितलं की वाटी पुढे करायची. हा धंदा बहुतेक वाघरी समाजाच्या बायका करत, अजून करतात. दिल्लीत रघुबीर नगरला त्यांचा पहाटेचा मोठा बाजार भरतो. बोहारीण कुणाची उपकृत नव्हती. तिला नाक मुरडायचा हक्क होता, कारण ती बदल्यात काहीतरी देत होती. दान घेणाऱ्याला तो हक्क नसतो. फाटकं मिळालं तरी त्यानं दुवाच द्यायची.

आमच्या शाळेतल्या मावशींना नात झाली. त्यांना कुणी फुकट काही दिलं की त्या घेतात, "बरं बाई" म्हणतात, आणि पुढे ते कापड कधी दिसत नाही. ग्रुपवर मात्र त्यांनी पिवळ्या फ्रॉकवर बोली लावली. तिघींशी झुंजून रविवारी आठ वाजून छप्पन मिनिटांनी पासष्टला जिंकला. सोमवारी संध्याकाळी घरी आल्या, फ्रॉक उलटा केला, शिवण ओढून पाहिली.

"बाई, बटन निराळंय याचं."

"फोटोखाली लिहिलं होतं मावशी, एक बटण बदललंय म्हणून."

"लिव्हलं व्हतं. पण इतकं निराळं असंल असं नव्हतं वाटलं. पाच कमी करा."

मी साठ घेतले. अम्मी आतून हे सगळं बघत होत्या. त्या उठल्या, ट्रंकेतून लाल काठाची एक कुंची काढली, झटकली आणि फ्रॉकवर ठेवली. मावशींनी विचारलं, "हिचे किती?" अम्मी म्हणाल्या, "इसके नहीं लगते." मावशी घुटमळल्या. मग भाजीवालीकडून वर कोथिंबीर घ्यावी तशी कुंची फ्रॉकमध्ये गुंडाळून निघाल्या. नातीला फ्रॉक मी नंतर दोनदा पाहिला.

तेव्हापासून प्रत्येक गाठोड्यावर एक कापड अम्मींच्या हातचं जातं, बिनभावाचं. कुठलं ते त्या ठरवतात. लिलाव त्यांना अजूनही पटलेला नाही, एवढं मात्र स्पष्ट सांगते.

आत्तापर्यंत शेहेचाळीस कपडे गेले, तेराशे चाळीस रुपये आले. अम्मींनी स्वतः विणलेला जांभळा स्वेटर ट्रंकेतच आहे, तो मांडायचा नाही. लोकरीच्या तीन टोप्यांना मार्च महिन्यात कुणी विचारत नव्हतं. आपला कॅम्प छावणीचा, इथं कायमचं कोण राहतं? परवा एका जवानाच्या बायकोचा निरोप आला. मूळची साताऱ्याची. नवऱ्याची पठाणकोटला बदली झाली होती, पुढच्या हिवाळ्यासाठी टोप्या हव्या होत्या, पण शुक्रवारची गाडी होती आणि लिलाव रविवारी. मी ग्रुपवर विचारलं, रविवारच्या आधी दिल्या तर कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. दहा-दहा रुपयांना तिन्ही गेल्या, वर पायमोज्यांचा एक जोड.