सुकाणू

भारतीय वायुदलातील अधिकारी-निवडीसाठी आमच्या कन्येने विमानाची परिभाषा अभ्यासायला घेतली आहे. ‘रडर’ म्हणजे सुकाणू, हे आम्हा कोळीवाड्यातील माणसांना चटकन उमगले. पण गफलत तिथेच होते! होडी सुकाणूने वळते. विमानाच्या शेपटीवरचे सुकाणू मुख्यतः नाक डावी-उजवीकडे फिरवते. वळायचे तर पंखांच्या मागील कडेचे ‘एलेरॉन’ विमानाला एका कुशीवर कलवतात आणि पंखांचे उचल-बलच त्याला त्या बाजूस ओढून नेते. जन्मभर सुकाणू धरलेले आजोबा हे मानायला तयार नाहीत.

‘अफकॅट’ ही लेखी परीक्षा वयोमर्यादेत पुन्हा देता येते. वैमानिकाची संगणकीय चाचणी मात्र आयुष्यात एकदाच. हुकली की ते दार कायमचे बंद. म्हणून विमानात बसायलाही घाबरणारी तिची आई रोज रात्री जपमाळेनंतर तिची उजळणी घेते. सध्या ‘कृत्रिम क्षितिज’ चालू आहे.