बेसमेंटमधल्या फेऱ्या

बाबा साताऱ्याहून आमच्याकडे वाकडला राहायला आले आणि तीन महिन्यांत त्यांची साखर वाढली. तिकडे रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारा माणूस! इथे गेटबाहेर पडलं की फुटपाथवर दुचाक्या, रस्त्यावर पाण्याचे टँकर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चाला. डॉक्टरही तेच म्हणाले. पण कुठे? मी त्यांना स्मार्टवॉच आणून दिलं (इंजिनिअरला दुसरं काय सुचणार). आता ते बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, गाड्यांमधून वाट काढत फेऱ्या मारतात. माझं ऑफिस हिंजवडीत, जेमतेम चार किलोमीटरवर. मीही कॅबनेच जातो. काल घड्याळ काढून माझ्या हातात देत बाबांनी विचारलं, "स्वारगेटहून साताऱ्याची पहिली एसटी कितीला असते रे?"