महिन्याची रेकॉर्ड: चालू ठेवू की बंद करू?

मैत्रिणींनो, मे महिना हा आमच्या घरात हिशेबाचा महिना. मी इथे मंगळवेढ्यात एका शाळेत तासांवर मराठी शिकवते. शाळेला सुट्टी म्हणजे तास बंद आणि तास बंद म्हणजे पगारही बंद! त्यात जूनची फी, दप्तर, वह्या, वर्षाचं धान्य, मसाला हे सगळं नेमकं याच महिन्यात समोर उभं राहतं. यंदाही अशीच जमाखर्चाची वही घेऊन बसले होते. हे शेजारीच चहा घेत होते. वहीत डोकावून त्यांनी बोट ठेवलं ते बरोब्बर एका ओळीवर: ‘रेकॉर्ड – ९०० रु.’

“बंद कर असं मी म्हणत नाही,” हे म्हणाले, “पण सगळ्या वाजतात का गं?”

मला राग आला. खरं सांगायचं तर प्रश्न अगदी साधा होता, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं म्हणूनच राग आला.

आधी ही रेकॉर्डची भानगड काय आहे ते सांगते. दीड वर्षापूर्वी माळा आवरताना सासऱ्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर सापडला. एचएमव्हीचा फिएस्टा. झाकण लावलं की पेटीसारखा हातात धरून नेता येतो असा. आम्ही सासऱ्यांना अण्णा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून अण्णांचं बोलणं फार कमी झालं होतं. जेवण झालं, पेपर वाचला, झोप काढली, एवढाच दिवस. पण तो प्लेअर खाली आणला तेव्हा ते आपण होऊन उठले, खिशातल्या रुमालाने त्याची धूळ पुसली आणि म्हणाले, “सोलापूरला घेऊन जा. दुरुस्त होईल.”

झालाही. नवी सुई बसली, चक्र सुरळीत फिरू लागलं. पण वाजवायचं काय? घरातल्या रेकॉर्डी केव्हाच कुणाकुणाला देऊन टाकलेल्या. मग ओळखीतून पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन मिळाला. ते जुन्या रेकॉर्डी विकतात. त्यांच्याशी ठरलं असं, की दरमहा ९०० रुपये पाठवायचे आणि त्यांनी आमची आवड पाहून एक रेकॉर्ड पोस्टाने पाठवायची. नाट्यगीत, अभंग, भावगीत, जे हाती लागेल ते. टपालखर्च त्यातच. हे पैसे मी माझ्या तासांच्या पगारातून देते. लग्नानंतर पहिल्यांदाच मी दरमहा स्वतःच्या आवडीवर असा नेमाने खर्च करू लागले होते. आता कळलं ना, राग का आला ते?

पहिले काही महिने काय कौतुक सांगू! दहा तारीख आली की पोस्टमनची वाट पाहायची. पुठ्ठ्याचं मोठं चौकोनी पाकीट सगळ्यांसमोर उघडायचं. तिसऱ्या महिन्यात बालगंधर्वांच्या गाण्यांची एलपी आली. त्यात कान्होपात्रेची वैकुंठीच्या राणाला घातलेली ती भैरवीतली हाक होती. आता कान्होपात्रा कोण? आमच्याच मंगळवेढ्याची लेक! ‘कान्होपात्रा’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व स्वतः कान्होपात्रा झाले आणि त्या अभंगाला चाल होती मास्तर कृष्णरावांची. चोखोबांचा अभंगही त्याच नाटकात आहे, आणि चोखोबाही मंगळवेढ्याचेच. मूळ गाणी ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डींवर आली. त्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रंगमंचावर वन्समोअर घेत फुलवत नेलेलं पद तेवढ्यात बसवायचं म्हणजे केवढी कसरत! पुढे अशी जुनी गाणी एलपीवर एकत्र आली.

ती रेकॉर्ड लावली त्या दुपारी अण्णांनी खुर्ची बाहेरच्या खोलीत ओढून घेतली. बाजू संपल्यावर म्हणाले, “हिला हे फार आवडायचं.” सासूबाईंबद्दल ते आपण होऊन बोलले, ते कितीतरी महिन्यांनी. तेव्हापासून आमच्या घरी रविवारी दुपारी साडेतीनला रेकॉर्डचा तास सुरू झाला. लेक सुई ठेवते. तिला मी शिकवलं आहे, हात थरथरू द्यायचा नाही. एलपीची बाजू वीसेक मिनिटांत संपते, की अण्णा उठून ती पालटतात. ते त्यांचं काम, दुसऱ्या कुणी करायचं नाही.

मग बंद करायचा प्रश्नच कुठे येतो, असं तुम्ही म्हणाल. येतो, मैत्रिणींनो. ह्यांनी विचारल्यावर मी दुसऱ्या दिवशी कपाटातल्या सगळ्या रेकॉर्डी बाहेर काढल्या आणि मांडल्या. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून यंदाच्या मेपर्यंत सतरा महिने, म्हणून सतरा रेकॉर्डी. सतरा नव्वे किती? पंधरा हजार तीनशे रुपये! आकडा एकदम पाहिला तेव्हा मीच मटकन खाली बसले.

त्यातल्या पाच आम्ही पुन्हापुन्हा वाजवतो. चार एकदा-दोनदा वाजल्या आणि राहून गेल्या. तीन खराब आहेत. दोन आल्या तेव्हापासूनच खरखरतात. तिसरी मात्र माझ्याच चुकीने गेली. गेल्या उन्हाळ्यात ती पत्र्याखालच्या खोलीत राहिली आणि थाळीसारखी वाकली. सोलापूरकडचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. आणि उरलेल्या पाच? त्या मी एकदाही लावलेल्या नाहीत. दोन तर पाकिटातूनच काढल्या नव्हत्या.

मग मी गृहिणीचा हिशेब केला. त्या पाच आवडत्या रेकॉर्डी दीड वर्षात मिळून शंभरदा तरी वाजल्या असतील. त्यांची किंमत साडेचार हजार. म्हणजे पंचेचाळीस रुपयांत चौघांची पाऊण तासाची बैठक. याला कुणी महाग म्हणणार नाही. पण उरलेल्या बारांचे दहा हजार आठशे? त्यात लेकीची फी निघाली असती.

असं का व्हावं, याचा मी विचार केला. एक कारण रेकॉर्डींचंच आहे. कलकत्त्याजवळ डमडमला ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना होता. ऐंशीच्या दशकात कॅसेटी घरोघरी आल्या आणि रेकॉर्डी मागे पडत गेल्या. तीच कंपनी २००० सालापासून सारेगामा म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ साली तिने पाच हजार जुनी गाणी भरलेलं कारवां बाजारात आणलं. आता हौशी लोकांमुळे रेकॉर्डींना पुन्हा दिवस आले आहेत म्हणतात. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा रेकॉर्डी जास्त विकल्या गेल्या, तेही १९८७ नंतर पहिल्यांदाच. पण आपली जुनी मराठी गाणी ज्या रेकॉर्डींवर आहेत त्या मुख्यतः जुन्याच. कुणाच्या तरी कपाटातून निघतील तेव्हाच त्या बाजारात येणार. मग दर महिन्याच्या दहा तारखेला चांगलीच रेकॉर्ड हाती लागेल, असं कसं होईल? विकणाऱ्या गृहस्थांचा यात दोष नाही. झाडाला दरमहा आंबे लागत नाहीत, पण वर्गणी मात्र दरमहा द्यायची असं आम्ही ठरवून बसलो होतो.

दुसरं कारण माझ्यातच होतं. वर्गणी लावली की निवडायचं काम आपण दुसऱ्यावर सोपवून मोकळ्या होतो. रेकॉर्ड येते, आपण ‘वा!’ म्हणतो आणि तिला कपाटात ठेवून देतो. पैसे दिले म्हणजे छंद जोपासला, असं मनाला वाटत राहतं. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण आठवड्याला एक असं वर्षभर चाललं, तेव्हा लोक रेडिओभोवती जमत, असं अण्णा सांगतात. तिथे वाट पाहणंही होतं आणि जमून ऐकणंही होतं. मी वाट पाहणं तेवढं चालू ठेवलं आणि ऐकणं अर्ध्यावर सोडलं.

इथपर्यंत मी ह्यांच्या बाजूला आले होते. पण मग वहीचं पान उलटलं आणि म्हटलं, थांबा! माझ्याच ओळीवर बोट का? महिन्याच्या महिन्याला आणखी काय काय जातं तेही पाहू. लिहायला बसले. तीन मोबाइलचे रिचार्ज. टीव्हीची डिश. शिवाय फोनवर सिनेमे आणि मालिका पाहायच्या दोन वर्गण्या. त्यातली एक ह्यांनी क्रिकेटच्या एका मालिकेसाठी घेतली होती. मालिका संपून सहा महिने झाले. घरात कुणी ते उघडूनही पाहिलेलं नाही, आणि पैसे मात्र खात्यातून आपोआप कापले जात होते. ते वहीत येतच नव्हते, कारण वहीत फक्त हातातून जाणारा पैसा येतो!

मी ते पान ह्यांच्यासमोर ठेवलं आणि तोच प्रश्न विचारला, “सगळ्या वाजतात का हो?” हे हसले. मग म्हणाले, “बरं, एकाच मापाने मोजू.”

मैत्रिणींनो, सांगायचं आहे ते हेच. काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री आपण स्वतःलाच लावतो. आपली साडी, आपलं मासिक, आपला क्लास, आपलं भिशीनंतरचं आइस्क्रीम. कुणी सांगावंही लागत नाही. मीही त्या दिवशी रागाच्या भरात “बंदच करते, जा!” म्हणणार होते. म्हटलं असतं तर घरात माझ्या त्यागाचं कौतुक झालं असतं आणि रविवारचा तास हळूहळू गेला असता. उलट हट्टाने चालू ठेवली असती तर न ऐकलेल्या रेकॉर्डींची थप्पी वाढली असती. दोन्हीत शहाणपण नव्हतं. दामाजीपंतांच्या या गावात कोठार उघडण्याचं कौतुक पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पण त्यांनी ते उघडलं दुष्काळात, भुकेल्यांसाठी. धान्य कुणाच्या पोटात जातं हे पाहूनच कोठार उघडावं ना?

तर आम्ही असं ठरवलं. न पाहिली जाणारी वर्गणी त्याच दिवशी बंद केली. रेकॉर्डची महिन्याची वर्गणीही बंद केली. मात्र त्या ९०० पैकी ४०० रुपये दरमहा माझ्या नावाच्या डब्यात पडतील, सुट्टीतसुद्धा. त्या महिन्यात ते घरखर्चातून. त्या पैशांतून वर्षाकाठी तीन-चार रेकॉर्डी मी स्वतः निवडून घेईन. आधी एकदा फोनवर ऐकायची, महिनाभर मनात राहिली तरच घ्यायची. आणि न वाजलेल्या पाच रेकॉर्डी एकेका रविवारी लावून पाहायच्या. आवडल्या तर ठेवू, नाही तर ज्याला हव्यात त्याला देऊ.

पुण्याला फोन करताना मला उगाच अपराधी वाटत होतं. पण ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “काही हरकत नाही बाई. तुम्हाला काय हवंय ते सांगून ठेवा. हाती आलं की कळवतो.” इतकं साधं होतं ते! दीड वर्ष मी त्यांना काय हवंय हे सांगितलंच नव्हतं.

ज्यांच्या घरी जुन्या रेकॉर्डी असतील त्यांच्यासाठी, ठेचा लागून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. रेकॉर्डी आडव्या थप्पीत ठेवू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हाची भिंत आणि पत्र्याची खोली टाळा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या जड रेकॉर्डी लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यांना सुईही वेगळी, जाड लागते. आणि झिजलेली सुई वापरून पैसे वाचवू नका. ती सुई रेकॉर्डच खरवडते.

या महिन्याची दहा तारीख आली. अण्णा दुपारी दारापर्यंत जाऊन आले. “पोस्टमन आला नाही का?”

मी म्हटलं, “अण्णा, आता दरमहा नाही येणार. आपल्याला हवी ती मिळाली की येईल.”

ते जरा वेळ उभे राहिले. मला धाकधूक, यांना वाईट तर नाही ना वाटलं? मग त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “बरं. मग ती आपली कान्होपात्रेचीच लाव.”

त्या दिवशी रविवार नव्हता. तरी लावली.