दहापैकी किती?

मैत्रिणींनो, स्वतःला दहापैकी किती मार्क द्याल? थांबा, आधी माझी फजिती ऐका.

श्रावणात लेकीला घेऊन शाहूवाडी तालुक्यात नणंदेकडे गेले होते. कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्यानं बांबवडे मागे पडलं की हवाच बदलते. पुढे मलकापूर, मग आंबा घाट. पाऊस असा की कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. विशाळगडही याच तालुक्यात, पण त्या धुक्यात गड पाहायला कोण निघतंय!

रोपलावण उरकलेली, त्यामुळे संध्याकाळी शेजारणी सोप्यात येऊन बसल्या. शाळेत मुलांना घालते तोच मार्कांचा खेळ मी त्यांना घातला. महिनाभर चिखलात वाकून रोप लावलेल्या, वर घरच्या पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "मी काय वेगळं करतो? घाला चार." (इकडच्या बायका 'करतो' असंच म्हणतात बरं का!) दुसरीनं तीनच सांगितले. मग विचारलं, शेजारणीला किती? "नऊ! तिच्यागत रोप लावणारी गावात न्हाई." म्हणजे पारख होती, फक्त स्वतःला लावायची नव्हती. मी तरी काय वेगळी? मनात सात होते, तोंडानं पाच सांगितले.

एवढ्यात माझी लेक ओरडली, "मला नऊ!" मी डोळे वटारले, "असं आपल्या तोंडानं सांगतात का?" ती गप्प झाली. काकूंनीच तिला जवळ घेतलं. "नऊ का गं?" तिनं बोटं मोजली : पोहता येतं, तीसपर्यंत पाढे येतात, आजीच्या डोळ्यांत औषध घालते. "मग बरोबर हाय की!" काकू म्हणाल्या.

घरी आल्यावर या विषयावर थोडं वाचलं. अमेरिकेतल्या मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली आत्मसन्मान मोजायला दहा वाक्यांची प्रश्नावली केली. श्मिट आणि अलिक यांनी ती ५३ देशांत वापरून २००५ साली निष्कर्ष छापले. सर्वांत कमी सरासरी निघाली जपानची, तरी तीही मध्यापेक्षा किंचित वरच! स्वभावाचाही वाटा आहेच. काळजी करणारी माणसं स्वतःला कमी मार्क देतात, मोकळी बोलकी माणसं जास्त. आता आमच्या काकू बोलक्या, हसऱ्या. काळजीचं नाव नाही. त्यांचे चार स्वभावातून आले नव्हते, रीतीतून आले होते.

परवा घरी पुन्हा तोच खेळ काढला. लेकीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "पाच."