सावकाश आणि जड

हेवी मेटल म्हटलं की लोकांना वेग आठवतो. केस झटकणारी पोरं, ड्रमचा गोळीबार, घसा फाडून काढलेली आरोळी. कॅसेटच्या काळापासून मी हे संगीत ऐकतोय, आणि वयाबरोबर माझं मत उलट्या बाजूला पक्कं होत गेलंय. वेगानं मेटल हलकं होतं. जड होतं ते सावकाशीनं.

पुरावा अगदी मुळात आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, पुढे 'ब्लॅक सॅबथ'चा गिटारवादक झालेल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायची ती हीच बोटं. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्याही सैल सोडल्या. सूर खाली उतरला. 1971च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बममध्ये तो इतका खाली जातो की गिटार पोटात वाजल्यासारखी वाटते. त्याआधी, फेब्रुवारी 1970मध्ये, 'ब्लॅक सॅबथ' या बँडच्या त्याच नावाच्या पहिल्या अल्बममधलं त्याच नावाचं गाणं आलं होतं. त्याचा सगळा डोलारा तीन सुरांवर: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. आपल्या कानाला तीव्र मध्यम ऐकला की पंचमाची आस लागते. आयोमी तिथे जातच नाही. मध्यमावरच थरथरत उभा राहतो, तुम्हालाही उभं करतो.

हे मला कळलं बंगळूरच्या कोरमंगलात, आणि कळवलं घरमालकीणबाईंनी. बाई मूळच्या धारवाडच्या, सकाळ तानपुऱ्याशिवाय सुरू न होणाऱ्या. मी वरच्या मजल्यावर. एका रविवारी जिन्यात थांबवून म्हणाल्या, "अहो, तुमचा तो मध्यम पंचमाला भेटतच नाही की हो! कधी भेटेल म्हणून मी भाजी चिरायची थांबले." आवाज कमी करा, असं मात्र म्हणाल्या नाहीत. मेटलवर इंग्रजीत लिहिलेलं पुष्कळ वाचलंय, पण इतकी नेमकी समीक्षा क्वचितच सापडली.

कोरमंगला तशी घाईची वस्ती. प्रत्येक गल्लीत एखादी स्टार्टअप, प्रत्येक कोपऱ्यावर डिलिव्हरीवाल्यांचा घोळका, आणि 'सोनी वर्ल्ड' सिग्नलला सगळेच अडकलेले. इजिपुराकडे वर्षानुवर्षं अर्धवट उभ्या राहिलेल्या उड्डाणपुलाच्या खांबांखालून संध्याकाळी चालताना कानात सॅबथ असावं. पावलं आपोआप त्या ठेक्यावर पडतात आणि मागच्या हॉर्नांचं काही वाटेनासं होतं.

आता भांडणाची मतं. 'मेटॅलिका'च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'ला (1986) सगळेच मान देतात. मीही देतो, पण शीर्षकगीताच्या मधल्या संथ तुकड्यासाठी. 1988च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. गाणी हुशार, पण पाया नसलेली. याउलट ज्या 1991च्या काळ्या अल्बमवर जुने भक्त 'विकले गेले' म्हणून आजही दात खातात, त्यातलं 'सॅड बट ट्रू' हे त्यांचं सर्वांत वजनदार गाणं. निर्माता बॉब रॉकनं त्यांना तारा खाली उतरवायला लावलं आणि घाई काढून घेतली. 'सेंट अँगर'बद्दल (2003) बोलायचंच तर एवढंच, की त्यातला स्नेअर ड्रम म्हणजे रिकामा रॉकेलचा डबा.

'स्लेयर'चा 'रेन इन ब्लड' जेमतेम 29 मिनिटांत संपतो. थोर आहे, वाद नाही. पण सगळं जग वेगासाठी डोक्यावर घेत असताना या लोकांनी 1988च्या 'साउथ ऑफ हेवन'मध्ये मुद्दाम पाय आवरला. मला ते धाडस जास्त मोठं वाटतं.

'आयर्न मेडन' माझ्या या तत्त्वात बसत नाही. तिथे घोडे दौडतात. 17 मार्च 2007ला पॅलेस ग्राउंड्सवर मेडन आले तेव्हा गर्दीत मराठी इतकी कानावर पडत होती की आपण बंगळूरात आहोत याचा विसर पडावा. पुण्या-मुंबईच्या पोरांनी रात्रीच्या बसनं येऊन मैदान गाठलं होतं. मुंबईला त्यांनी पुढच्या वर्षी, 1 फेब्रुवारी 2008ला, हजेरी लावली. मेडनला मी जड मानतच नाही. ते आख्यान लावतात. 'पॉवरस्लेव्ह'मधली (1984) कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाची गोष्ट तेरा मिनिटांहून लांब चालते, आणि मध्ये जहाज थांबतं तेव्हा संगीतही थांबून नुसतं करकरतं. तेवढा भाग माझा. 30 ऑक्टोबर 2011ला मेटॅलिका त्याच मैदानावर आली. दिल्लीकडचा कार्यक्रम दोन दिवस आधी रद्द झाल्यामुळे बंगळूरचा भाव आणखी वधारला होता.

पाहुणे येतात, जातात. घरचे 'क्रिप्टॉस' 1998पासून इथेच आहेत. आधीचे अल्बम गुंतागुंतीचे, जरा जास्तच डोकं चालवणारे. 2016च्या 'बर्न अप द नाइट'पासून त्यांनी सरळ जुन्या धाटणीचं मेटल धरलं आणि खुलले. मुंबईच्या 'भयानक मौत'चं नाव ऐकून हसू येतं, वाजवायला लागले की जातं. पण ते फार दाटीवाटीनं वाजवतात, श्वासाला जागा ठेवत नाहीत. माझं मन बंगळूरच्याच 'बेवर सी'वर. 2012च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये एकेक रिफ अशी उलगडते की पुढची मात्रा येते की नाही अशी शंका यावी. ती येते, आणि वजनासकट येते.

ऑफिसात एक नागपूरचा पोरगा आहे, 'ब्लडीवुड' या बँडचा भक्त, पॉडकास्टसुद्धा दीडपट वेगानं ऐकणारा. त्याला 'बेवर सी' ऐकायला दिलं. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाला, "दादा, भारी आहे. पण मधे ड्रमर उठून पाणी प्यायला गेला होता का?"

गेला असेल, म्हटलं. परत वेळेवर आला ना?