गळाला लागलेला म्हातारा

माझं वय एकोणऐंशी. या वयात माणसाने काय करावं याविषयी आमच्या सोसायटीत कमालीचं एकमत आहे. सकाळी बागेत चार फेऱ्या माराव्यात, हास्यक्लबात हात वर करून हसावं, दुपारी वर्तमानपत्र छातीवर पसरून झोपावं आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून मधुमेहाची तुलना करावी. मला यातलं काहीच जमत नाही. मी शिकारीला जातो.

शिकार म्हटलं की ऐकणारा दचकतो. मग मी घाईघाईने सांगतो, बंदुकीची नव्हे, गळाची. त्यावर तो हसतो, "म्हणजे मासे पकडता होय!" त्या 'होय'मध्ये एवढी निराशा असते की जणू मी वाघ म्हणालो होतो आणि मांजर निघालं.

पण बंदुकीचीही केलेली आहे, ती आधी सांगतो. १९६६ साली विसाव्या वर्षी मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागलो. पेनिसिलिनचा सरकारी कारखाना त्याआधी दहा-बारा वर्षं उभा राहिला होता, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं होतं, आणि भात-ज्वारीच्या रानात एकेक चिमणी उगवू लागली होती. आमच्या फोरमनकाकांकडे बारा बोअरची दुनाळी होती. रविवारी पहाटे त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी काडतुसांची पिशवी सांभाळीत चाकणकडे जाई. चाकण तेव्हा कांद्याच्या बाजारासाठी ठाऊक होतं. आणि शाळेत इतिहास ज्याने मन लावून वाचला असेल त्याला संग्रामदुर्गासाठी, जिथे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाला छप्पन्न दिवस झुंजवलं. त्यापलीकडे मैलोगणती माळ, कुसळी गवत आणि बाभळी. गवतातून तित्तर भर्रकन उठे आणि छातीत धस्स होई. ते धस्स होणं हीच खरी शिकार, पुढचं नुसतं नेमबाजीचं काम, असं काका म्हणत.

तिथेच मी माझा पहिला ससा मारला. घरी आणून साफ करताना पोटात तीन पिल्लं निघाली. हिने, म्हणजे माझ्या पत्नीने, नुकतंच लग्न होऊन घरात पाऊल टाकलं होतं. ती काही बोलली नाही, हात धुऊन बाहेर जाऊन बसली. मी गप्प राहून सगळं शिजवलं आणि खाल्लंही. त्या दिवसापासून बंदूक टाकली असं लिहायला फार छान वाटेल, पण ते खोटं होईल. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. मला सुधारलं ते कायद्याने. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. काकांनी वर्षभर कुरकुर केली आणि बंदूक विकून टाकली. पुढे १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. माणूस सुधारण्याची वाट पाहत बसलं असतं तर ससा उरला नसता, एवढं मला आज कळतं.

बंदूक गेली, पण पहाटे चारला जाग येण्याची खोड गेली नाही. त्या जागेपणाला धंदा दिला तो कामशेतजवळच्या एका भोयाने. इंद्रायणीच्या काठी तो जाळं सुकवीत बसला होता आणि मी उगाच पाण्यात वाकून बघत होतो. तो म्हणाला, "साहेब, पाण्यावर सावली नका पाडू. तुमाला मासा दिसंना, पन त्याला तुमी दिसताय." शाळा-कॉलेजात मला एका वाक्यात एवढं कोणी शिकवलं नाही. तंगूस कसा बांधायचा, मोरपिसाच्या देठाचा तरंगा किती खोल सोडायचा, कणकेत शेंगपेंड किती मळायची, गांडूळ कोणासाठी आणि भाताचा गोळा कोणासाठी, हे सगळं त्याने शिकवलं. आषाढाच्या पहिल्या पुरात मासे अंडी घालायला उलटे वर चढतात. कोकणात त्याला वलगण म्हणतात आणि लोक टोपल्या भरून आणतात. माझा गुरू त्या दिवसांत गळ गुंडाळून ठेवी. "लेकुरवाळीला कोन मारतं?" असं तो म्हणाला तेव्हा मला तो ससा आठवला आणि मी दुसरीकडे पाहिलं.

गळ टाकणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं ज्यांना वाटतं त्यांनी चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' आठवावा. बाराव्या शतकातल्या त्या ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना 'मत्स्यविनोद' सांगितला आहे, आणि कुठल्या माशाला कसलं आमिष द्यावं याचाही विचार केला आहे. राज्यकारभार करून ज्याला हे सुचलं त्याच्यापुढे निवृत्त टूलरूमवाल्याने लाजण्याचं कारण नाही. वयाचं म्हणाल, तर जिम कॉर्बेटने ठाकची नरभक्षक वाघीण १९३८ साली मारली तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. हे मी घरी सांगितलं. ही म्हणाली, "त्याच्या बायकोला विचारलं होतं का?" कॉर्बेट अविवाहित होता हे सांगण्यात अर्थ नव्हता, तिचा मुद्दा उलट पक्काच झाला असता.

मुद्दा निघायला कारणही तसंच घडलं होतं. गेल्या वर्षी मार्गशीर्षात शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय घसरला. गुडघा दगडांच्या फटीत अडकला आणि कमरेएवढ्या गार पाण्यात मी तासभर उभा राहिलो. खिशातला फोन पहिल्याच मिनिटाला बुडाला होता. ओरडून घसा बसला. तरंगा समोर डुलत होता, आणि खोटं कशाला सांगू, त्या अवस्थेतही माझं अर्धं लक्ष त्याच्यावर होतं. शेवटी मेंढरं घेऊन आलेल्या एका पोराने काठी दिली आणि मला ओढून काढलं. घरी आल्यावर कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मुलाने काठ्या, रीळ, गळांचा डबा, सगळं मुकाट्याने माळ्यावर टाकलं आणि शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली.

दोन महिने मी बागेत चार फेऱ्या मारल्या. हास्यक्लबात हसलो. पहाटे चारला उठून छताकडे बघत पडलो. तेव्हा कळलं की मला माशांची ओढ नव्हतीच एवढी. पहाटेची पहिली लोकल, तळेगाव गेल्यावर खिडकीतून येणारा गारवा, आणि त्यानंतरचे चार तास, ज्यात मी कुणाचा बाप नव्हतो, कुणाचा रुग्ण नव्हतो, कुणाचा वरिष्ठ नागरिक नव्हतो, ते सगळं माळ्यावर गेलं होतं. मी बोलेनासा झालो. एका रात्री ही मुलाला म्हणाली, "पाण्यात गेले असते तर एकदा गेले असते. हे रोज थोडे थोडे चाललेत."

मुलगा कामगार संघटनेत मुरलेला. त्याने वेतनकरारासारखा करारच केला. कलम एक: एकट्याने जायचं नाही. कलम दोन: पावसाळ्यात वाहत्या पाण्याजवळ फिरकायचं नाही. कलम तीन: उभ्याने नव्हे, खुर्चीवर बसून. कलम चार हिने घातलं: मिळालेले मासे शेजारी वाटून मोठेपणा मिरवायचा नाही. सही करताना माझी बोटं थरथरली. संतापाने नव्हे, संधिवाताने. गळाची गाठही आता मला बांधता येत नाही, आणि मोतीबिंदू काढल्यापासून तरंगा दिसतो तो दोन जागी.

बरोबर यायला तयार झाली माझी नात. ती चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. एकदा तिने मला कारखान्याच्या बाहेरून नव्या गाड्यांचं आवार दाखवलं होतं. क्षितिजापर्यंत ओळीने उभ्या गाड्या. मी ओढा ओळखला, त्यावरून चढ ओळखला. याच माळावर माझा ससा पडला होता. तिला ते सांगायचं राहून गेलं.

चैत्रातल्या एका रविवारी आम्ही कामशेतच्या वरच्या अंगाला डोहावर बसलो होतो. शहरातल्या पात्रातला मासा आम्ही कित्येक वर्षं घरात आणत नाही. खाली आळंदीला नदीवर फेस तरंगतो हे वारकऱ्यांनीच पाहिलेलं आहे. नातीने गाठ बांधली, आमिष लावलं. तरंगा तिने बघायचा आणि काठी मी धरायची, अशी वाटणी. नऊच्या सुमारास ती "आजो..." एवढंच म्हणाली आणि रीळ किंचाळलं. असा एकदम पळतो तो महसीरच. मी काठी उंच धरली, तंगूस सोडत गेलो, ओढत गेलो. पाचव्या मिनिटाला बोटांनी संप पुकारला. इतक्या वर्षांत मी लागलेला मासा कुणाच्या हाती दिलेला नाही. "धर," मी म्हणालो. तिने धरली. मग मी फक्त बोलत राहिलो: सोड, आता घे, काठी खाली नको, घाई नको. माझा आवाज ऐकताना मला तो भोई ऐकू येत होता. तो जाऊन आता बारा वर्षं झाली.

मासा काठाला आला. अडीच-तीन किलोचा, सोनेरी खवल्यांचा. १८३९ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, तेव्हा पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाला त्याने शास्त्रीय नाव दिलं 'खुद्री'. आपल्या लोकांच्या तोंडचीच नावं त्याने अशी उचलली होती: कोळस, मळ्या, शिंगाळा. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात त्या माशाला आजही आमच्या नदीच्या बोलीतच हाक मारावी लागते. पण त्या नदीत तो आता क्वचित दिसतो. लोणावळ्याला वळवणच्या तळ्याशी टाटांनी कित्येक वर्षं महसीरची पैदास करून बोटुकली पाण्यात सोडली, म्हणून निदान हे नाव पुस्तकाबाहेर राहिलं.

नातीने विचारलं, "आजोबा, मारायचा?"

हा प्रश्न मला विसाव्या वर्षी कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता. मी म्हणालो, "हात ओले कर." तिने गळ काढला, दोन्ही तळव्यांत माशाला धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं. तो क्षणभर तसाच राहिला, कल्ले हलले, आणि मग तळव्यांत नुसतं पाणी उरलं. मी काही संत झालेलो नाही. पुढच्याच रविवारी दोन चिलापी मिळाल्या त्या आम्ही घरी आणल्या आणि चवीने खाल्ल्या.

त्या दिवशी मात्र रिकाम्या हाताने परतलो. ही दारातच उभी होती. आम्ही नदीवर गेलो की माशासाठी खोबरं भाजून, वाटण करून ठेवायची तिची पन्नास वर्षांची रीत. मिळो न मिळो. तिने आधी माझा गुडघा पाहिला, मग नातीचा चेहरा, मग पिशवी.

"मोठा होता?" तिने विचारलं.

"खूप," नात म्हणाली.

"मग वाटण वांग्यात घालते," ती म्हणाली आणि आत गेली. जाता जाता थांबून मला म्हणाली, "पुढच्या रविवारी डबा किती जणांचा देऊ? मीही येईन म्हणते. बघू तरी, एवढं काय ठेवलंय तिथे."

करारात या बाबतीत कलम नाही. मुलाला अजून सांगितलेलं नाही.