सशातला स

डोळ्यांना चाळिशी लागते, हे सांगायला आपल्याकडे कोणालाही लाज वाटत नाही. त्या वयाचेच नाव आपण चष्म्याला देऊन टाकले आहे. गाडीत एखादा गृहस्थ वर्तमानपत्र हात लांब करून वाचताना दिसला, की शेजारचा प्रवासी म्हणतो, "आता चाळिशी घ्या हो!" आणि दोघेही हसतात. कानांसाठी मात्र असा एकही प्रेमळ शब्द मराठीत नाही. तिथे एकदम 'बहिरा' म्हणायचे, नाही तर गप्प बसायचे. मी गेली वीस वर्षे मराठी शिकवतो; पण भाषेतली ही उणीव माझ्या ध्यानात आली ती गेल्या वर्षी, आणि तीही स्पीकर विकत घ्यायला निघालो तेव्हा.

झाले असे, की दिवाळीच्या आधी पगाराच्या फरकाची थोडी रक्कम हाती आली. फरकाची रक्कम म्हणजे प्राध्यापकाच्या संसारातला वळवाचा पाऊस. ती येणार म्हणून सगळे आभाळाकडे डोळे लावून बसतात, आणि आली की प्रत्येकाला ती आपल्याच शेतात पडावीशी वाटते. सौ.च्या मनात कपाट होते. माझ्या मनात गाणे होते. मोबाइलवर गाणे ऐकणे म्हणजे डबीत कोंडलेल्या माशीचे गुणगुणणे ऐकणे होय, असे मी तिला पटवू लागलो. "मग माशीसाठीसुद्धा कपाट लागेलच," ती म्हणाली. शेवटी मी अण्णांचे नाव पुढे केले. "अण्णांना गीतरामायण नीट ऐकता येईल," असे म्हणताच ती विरघळली. खरे सांगायचे तर ती माझी निव्वळ वकिली होती. पुढे त्या वकिलीचीच मला लाज वाटणार होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. तारापूर म्हटले की लोकांना १९६९ पासून वीज देणारे अणुकेंद्र आठवते. पण तारापूरच्या नावाची औद्योगिक वसाहत आहे बोईसरला, आणि बोईसरच्या माणसाला त्यात काही चमत्कारिक वाटत नाही. त्या वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात अण्णांनी एकतीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढली. निवृत्त झाल्यावर ते पालघरला आमच्याकडे आले आणि हळूहळू कमी बोलू लागले. जेवताना गप्पा रंगल्या, की ते ताटाकडे बघत राहत. सगळे हसले की तेही हसत, पण अर्धा क्षण उशिरा. "वयाबरोबर माणूस विरक्त होत जातो," असे मी सौ.ला सांगत असे. मराठीच्या प्राध्यापकाला कोणत्याही गोष्टीला चांगलासा शब्द सापडतो, आणि शब्द सापडला की कारण शोधायची गरज उरत नाही.

त्यांच्या कानांविषयी शंका यावी असे काही दिसतही नव्हते. रोज संध्याकाळी ते गीतरामायण लावून बसत. माडगूळकरांची ती छप्पन्न गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी घरोघर गेली. बाबूजींच्या आवाजातली ती सगळी गीते अण्णांना पाठ. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, बोटे मांडीवर ताल धरताहेत, असे ते बसलेले पाहिले की वाटे, ऐकावे तर असे!

स्पीकरच्या बाबतीत माझा गुरू झाला माझाच एक जुना विद्यार्थी. तो बोईसरला राहतो. दिवसा वसाहतीत नोकरी करतो आणि रात्री घरच्या एका खोलीत लोकांची गाणी ध्वनिमुद्रित करतो. तो म्हणाला, "सर, बाजारातले घरगुती स्पीकर गोड बोलतात. खालचा सूर जरा फुगवतात, वरचा जरा चमकवतात. स्टुडिओतले स्पीकर आहे तेवढंच सांगतात. त्यांना मॉनिटर म्हणतात."

"आणि त्यांना ॲम्प्लिफायर कुठला घ्यायचा?"

"तो पोटातच असतो, सर. एक सोडून दोन. खाली मोठा वूफर, वर छोटा ट्वीटर, आणि दोघांची चूल वेगळी. भांडण नको म्हणून!"

त्याने आपली पांढऱ्या शंकूची जोडी आणि मित्राकडून मागून आणलेली एक काळी जोडी पंधरा दिवसांसाठी माझ्या स्वाधीन केली. एकेक स्पीकर पाच किलोंच्या आसपास. चार स्पीकर घेऊन बोईसरहून डहाणू-विरार गाडीत चढणे म्हणजे काय, हे ज्याने संध्याकाळी ती गाडी पाहिली आहे त्यालाच कळेल. मधले उमरोळी येईपर्यंत मला तिघांनी लग्नाची तारीख विचारली आणि एकाने भाव.

घरी परीक्षा सुरू झाली. विद्यार्थ्याने नियम घालून दिले होते. दोन्ही जोड्यांचा आवाज अगदी सारखा ठेवायचा. कारण जो जरा मोठ्याने बोलतो तोच माणसाला जास्त चांगला वाटतो. (हा नियम सभांनाही लागू आहे.) दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. म्हणून ज्ञानकोशाचे खंड खाली लावले. इतक्या वर्षांत त्या खंडांचा इतका उपयोग प्रथमच होत होता. स्पीकर भिंतीपासून दूर हवेत, कारण पाठीमागच्या छिद्रातून येणारा खालचा सूर भिंत दुप्पट करून परत पाठवते. पण आमची खोलीच अशी, की एका भिंतीपासून दूर गेले की माणूस दुसऱ्या भिंतीला लागतो. सुदैवाने असला फुगवटा कमी करायला पांढऱ्या जोडीच्या पाठीवर एक खटका होता.

काळी जोडी मनमिळाऊ होती. खोलीत कुठेही बसा, ती सारखीच ऐकू येई, आणि तबल्याचा डगा तर मांडीखालच्या सतरंजीपर्यंत पोचे. मात्र गाणे थांबले, की जवळ बसणाऱ्याला बारीकशी सर्र ऐकू येई. पांढरी जोडी कडक स्वभावाची. डग्याला ती आखडता हात घेई, पण गायकाचा श्वास, पेटीच्या भात्याची धाप, जुन्या मुद्रणातली खरखर, सगळे समोर मांडी. चिरंजीव काळीच्या बाजूचे, मी पांढरीच्या, आणि सौ. कपाटाच्या.

या पांढऱ्या शंकूला इतिहास आहे. यामाहा कंपनीने १९७८ साली एनएस-१० नावाचा स्पीकर काढला, तो घरात ठेवण्यासाठी. घरांत तो फारसा कोणाला रुचला नाही. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तो उचलला, कारण मुद्रणातला दोष तो झाकत नसे. यावर जे चांगले वाजेल ते कुठेही चांगले वाजेल, असा त्यांचा हिशेब. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले, तरी जगभरच्या स्टुडिओंत त्याचा पांढरा शंकू ओळखीचाच राहिला. मला ही कथा फार आवडली. प्रत्येक कुटुंबात असा एक स्पष्टवक्ता काका असतो. त्याला लग्नकार्याला कोणी बोलावत नाही. पण घर घ्यायचे झाले की त्याचेच मत विचारतात.

आता अण्णांचे मत घ्यायचे होते. गीतरामायण त्यांनी दोन्ही जोड्यांवर सारख्याच समाधानाने ऐकले. "दोन्ही छान," म्हणाले. एवढ्याने परीक्षकाचे भागेना. शेवटी मी आमच्या धाकटीची ध्वनिफीत काढली. सात वर्षांची ही पोरगी. तिने स्वतः रचलेली सशाची गोष्ट आम्ही मोबाइलवर मुद्रित करून ठेवली होती. ससा सशिणीला सासरी सोडायला निघतो, अशी काहीशी ती गोष्ट. पांढऱ्या जोडीवर ती लागली आणि पोरगी जणू समोर येऊन बसली.

अण्णा पुढे झुकले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पोरगी पुटपुटतेय," ते म्हणाले. मी काळी जोडी लावली. आवाज वाढवला. अण्णांनी कानाशी हात नेला आणि म्हणाले, "ओरडतेय, पण पुटपुटतेच आहे." मग माझ्याकडे बघून, जणू त्यांचाच अपराध असावा तसे हळूच म्हणाले, "स्पीकर चांगले आहेत रे. घे हवे ते."

मी तो विषय तिथेच सोडला असता. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर सौ.ने धूळ बसू नये म्हणून पांढऱ्या जोडीवर घडी घातलेले जाड टॉवेल टाकले होते. ते वरच्या ट्वीटरवरून लोंबत होते. खालचा वूफर उघडा. मी न बघताच गोष्ट लावली. आवाज तर येत होता; मोठा, भरदार. पण शब्द जणू कापसात गुंडाळले होते. माझ्या तोंडून निघून गेले, "ही पुटपुटतेय का?"

ते वाक्य कानावर पडले आणि मी उभा होतो तिथेच बसलो.

विद्यार्थ्याला फोन केला. त्याने ती ध्वनिफीत मागवून घेतली, तिच्यातली सेकंदाला दोन हजार कंपनांच्या वरची बाजू आपल्या संगणकावर कापून टाकली आणि परत पाठवली. पांढऱ्या जोडीत वूफर आणि ट्वीटरची वाटणी याच आकड्यापाशी आहे. आता सशातला स उरलाच नव्हता. 'अआ अअणीला आअरी' असे काहीसे ऐकू येत होते. श, ष, स यांना व्याकरणात ऊष्म वर्ण म्हणतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण स्वरांचा बहुतेक जोर खालच्या कंपनांत असतो आणि या ऊष्म वर्णांचा वरच्या, हे मला एका टॉवेलाने शिकवले. स्वरांवरून कळते की कोणी बोलते आहे. काय बोलते आहे, ते बरेचसे व्यंजने सांगतात. माझे वडील किती वर्षे नुसते स्वर ऐकत जेवायला बसत होते, कोण जाणे! आणि गीतरामायण? ते त्यांना पाठ होते. ते ऐकत नव्हते, आठवत होते.

"अण्णा, कान दाखवू या," असे म्हटल्यावर ते चिडले. "मला ऐकू येतं." ते खोटे नव्हते, स्वर येतच होते. शेवटी सौ. म्हणाली, "अण्णा, मला चष्मा लागला तेव्हा तुम्हीच माझ्याबरोबर आला होतात. आता मी येते." यावर त्यांना उत्तर सुचले नाही.

पालघरच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख मी पाहिला. डावीकडे, खालच्या सुरांपाशी, रेघ जवळजवळ सरळ; दोन हजारांच्या पुढे ती घाटासारखी उतरत गेलेली आणि चार हजारांपाशी दरीत पडलेली. "काय काम करत होता?" असे डॉक्टरांनी विचारले, तेही आलेखाकडे बघूनच. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. पण त्या काळी मागावर कानात कापसाचा बोळा घालणारालाही लोक हसत. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी जातात त्या याच वरच्या सुरांच्या. माझी फी, माझी पुस्तके, माझे एम. ए., सगळे त्या खडखडाटातून आले होते. मी वीस वर्षे ज्या व्यंजनांवर पोट भरतो आहे, ती अण्णांनी माझ्यासाठी एकेक करून तिथे ठेवली होती.

फरकाच्या रकमेतून अखेर स्पीकर आलेच. पोटात ॲम्प्लिफायर असलेले, जोडीनेच घेतलेले आणि घेणाऱ्याच्या कानाला हव्या त्या सुरांवर बेतून दिलेले. प्रत्येकाचा आकार चवळीच्या शेंगेच्या तुकड्याएवढा. कपाट राहिले ते राहिलेच.

पहिले आठ दिवस अण्णा वैतागले. भांडी फार वाजतात, पंखा बोलतो, मालगाडी घरातून जाते, वर्तमानपत्राचे पान उलटले तरी दचकायला होते. दोनदा ती जोडी काढून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवली. सौ.ने न बोलता ती परत त्यांच्या हातात दिली. डॉक्टरांनी सांगितलेच होते, की कान लवकर जुळवून घेतो, मेंदूला वेळ लागतो.

पांढरी जोडी परत करायच्या आदल्या संध्याकाळी मी सशाची गोष्ट पुन्हा लावली. अण्णा डोळे मिटून बसले. ओठ हलत नव्हते. गोष्ट संपली, तसे ते हसले. आणि या वेळी त्यांच्या आधी कोणीही हसले नव्हते.

"ही जूनमधली ना रे?" त्यांनी विचारले.

मी मोबाइलमध्ये तारीख पाहिली. अकरा जून. "तुम्हाला कसं कळलं?"

"तेव्हा तिचे समोरचे दोन दात पडले होते. 'स' म्हणताना शीळ वाजतेय बघ."

मी पुन्हा लावली. खरेच, प्रत्येक सशामागे एक बारीकशी शीळ होती. पंधरा दिवस दोन जोड्यांवर ती गोष्ट मी निदान पन्नास वेळा घासून पाहिली होती. आणि मला ती एकदाही ऐकू आली नव्हती.